गिअर पॉलिश करून घ्यावेत का? खर्च, फायदा आणि त्याच पैशातले बाकीचे पर्याय

गिअरबॉक्स उघडून टेबलावर मांडलेला असतो, बेअरिंग आणि सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना गती जुळवणाऱ्या) बदलायचं ठरलेलं असतं, आणि नेमक्या त्या वेळी कुणीतरी सुचवतं, "एवढं उघडलंच आहे तर गिअर पॉलिश करून घ्या की. गाडी हलकी पळेल, आवाज कमी होईल, गिअरचं आयुष्य वाढेल." एका दमात तीन दावे. आयुष्याचा दावा बऱ्यापैकी खरा आहे. आवाजाचं काय होईल ते आवाज कशामुळे येतोय त्यावर ठरतं. आणि "हलकी पळेल" हे रोजच्या गाडीत मोजून दाखवणंही अवघड आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. केवळ पॉलिश करण्यासाठी चांगला चालणारा गिअरबॉक्स उतरवू नका. तो दुसऱ्या कामासाठी उघडलेलाच असेल, तर आधी त्यात नेमकं काय झिजलंय ते पाहा. पॉलिशने ज्याला उत्तर मिळतं तो बिघाड एकाच प्रकारचा असतो, आणि बहुतेक गिअरबॉक्स दुसऱ्याच कारणांनी जातात. क्राऊन-पिनियनचा, म्हणजे मागच्या डिफरन्शियलमधल्या गिअरच्या जोडीचा, हिशेब मात्र वेगळा आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय, कारण खर्च करायचाच असेल तर तो बहुधा तिथे करावा.

पॉलिशच्या नावाखाली काय काय केलं जातं

भाव विचारण्याआधी पद्धत विचारा. एकाच नावाखाली तीन अगदी वेगळी कामं केली जातात.

पहिलं हाताचं काम: एमरी पेपर, बफ, हातात धरायचं छोटं ग्राइंडर. गिअर आरशासारखा चमकतो आणि फोटो छान येतो. पण गाडीच्या गिअरच्या दाताचा आकार साधा तिरपा उतार नसतो. तो इन्व्होल्यूट नावाचा ठरावीक वक्र असतो आणि चांगल्या गिअरमध्ये त्याची अचूकता पाच-दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राखलेली असते. शिवाय भार आल्यावर दात किंचित वाकतो, म्हणून टोकाकडचा भाग मुद्दाम थोडा जास्त घासलेला ठेवतात, तेही काही मायक्रॉनच्या हिशेबात. हाताने बफ फिरवताना कडेला वीस मायक्रॉन निघून गेले तरी डोळ्याला कळत नाही. दोन दात सारखे घासले जाण्याची तर शक्यताच नाही. गुळगुळीत पण आकार बिघडलेला दात हा खरखरीत पण अचूक दातापेक्षा वाईट. फुकट करून देतो म्हणाले तरी दाताच्या कामाच्या पृष्ठभागाला हे करू देऊ नका. दाताच्या टोकांची धारदार कड मोडणं, कच काढणं हे हाताने करायचं काम आहे आणि सराईत माणसाने केलं तर उपयोगाचंही आहे, पण त्याला पॉलिश म्हणत नाहीत.

दुसरं काम कंप पावणाऱ्या टबात दगडी गोट्यांबरोबर गिअर फिरवण्याचं. गोट्या कापणाऱ्या असल्या की त्या सगळ्यात जास्त दाताच्या टोकांना लागतात, आणि दाताच्या मुळाशी, जिथे त्या पोचतच नाहीत, तिथे सगळ्यात कमी. कच काढायला ही पद्धत उत्तम आहे. दाताचा चेहरा सुधारायला तितकी नाही.

तिसरं काम म्हणजे रसायनाच्या मदतीने केलेलं सुपरफिनिशिंग. इथेही टब आणि गोट्या असतात, पण गोट्या न कापणाऱ्या सिरॅमिकच्या. टबात सौम्य रसायन सोडतात. ते पोलादावर एक पातळ, मऊ थर तयार करतं. गोट्या हा थर फक्त उंचवट्यांवरून पुसतात, उघड्या पडलेल्या उंचवट्यावर रसायन पुन्हा थर चढवतं, गोट्या तो पुन्हा पुसतात. खोलगट भागातला थर तसाच राहतो आणि तिथलं पोलाद झिजत नाही. काही तास हे चाललं की ग्राइंडिंगच्या रेघा निघून जातात. शेवटी साबणासारख्या द्रावात धुऊन रसायन काढून टाकतात, त्यात चमकही येते. प्रत्येक बाजूने निघणारं पोलाद साधारण तीन ते दहा मायक्रॉन. केस हार्डनिंग केलेल्या, म्हणजे फक्त वरचा थर कडक केलेल्या, गिअरचा कडक थर अर्धा ते एक मिलिमीटर असतो, तेव्हा त्याला धक्का लागत नाही आणि दाताचा आकारही जवळपास तसाच राहतो.

यापुढे "पॉलिश" म्हणजे हेच तिसरं काम. खर्चही अर्थात याचाच सगळ्यात जास्त.

गुळगुळीतपणाने नेमकं काय होतं

भाराखाली एकमेकांवर सरकणाऱ्या दोन दातांमध्ये तेलाचा थर असतो तो एका मायक्रॉनहूनही पातळ. ग्राइंड केलेल्या चांगल्या दाताचा सरासरी खरखरीतपणा ०.४ मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे तेलाचा थर आणि धातूचे उंचवटे यांची उंची साधारण सारखीच. मग उंचवटे तेलाचा थर भेदून एकमेकांना लागतात.

ढोबळ हिशेब करू. दोन्ही दातांचा खरखरीतपणा ०.४ धरला तर दोघांचा मिळून, म्हणजे वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ०.५७ येतो. तेलाचा थर ०.३ मायक्रॉन धरला तर थर भागिले खरखरीतपणा हे गुणोत्तर येतं ०.५. हे गुणोत्तर १ च्या खाली असेल तर धातूला धातू सर्रास घासतो, ३ च्या वर गेलं तर मधल्या तेलावरच सगळं तरतं. आता दोन्ही दात ०.०८ पर्यंत गुळगुळीत केले तर तोच थर, तेच तेल, आणि गुणोत्तर २.६ च्या पुढे. तेल न बदलता, गती न बदलता घासण्याचा प्रकारच बदलला.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी कोटेशन देणारा सहसा सांगत नाही. जोडीतला एकच गिअर पॉलिश केला आणि दुसरा ०.४ वरच ठेवला, तर गुणोत्तर जेमतेम ०.७ होतं. अर्धा खर्च करून अर्धा फायदा मिळेल असं इथे होत नाही. खर्च करायचा तर जोडीवर करा, नाहीतर करू नका.

अमेरिकेच्या नासा संस्थेने २००० च्या सुमारास कार्ब्युराइझ केलेल्या (पृष्ठभागात कार्बन मुरवून कडक केलेल्या) सरळ दातांच्या गिअरवर चाचण्या केल्या. सुपरफिनिश केलेल्या गिअरचं, पृष्ठभागावर खड्डे पडेपर्यंतचं आयुष्य साध्या ग्राइंड केलेल्या गिअरच्या साधारण चौपट निघालं. आयुष्य वाढतं हा दावा हवेतला नाही. पण चौपट वाढलं ते खड्डे पडण्यापर्यंतचं आयुष्य, गिअरबॉक्सचं नव्हे.

वर्कशॉपमध्ये एक आक्षेप हमखास ऐकू येतो: फार गुळगुळीत केलं तर तेल टिकत नाही. हा आक्षेप इंजिनाच्या सिलिंडरवरून इकडे आलाय. सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम आडव्या-तिरप्या रेघा ठेवतात, कारण पिस्टन वर आणि खाली टोकाला क्षणभर थांबतो आणि त्या क्षणी तेलाचा थर गतीने तयार होत नाही, तो रेघांत साठलेल्या तेलावर टिकवावा लागतो. गिअरचे दात गोल फिरत एकमेकांवर लोळतात आणि लोळतानाच तेल मधे ओढून घेतात. त्यांना साठवणीच्या रेघांची गरज नसते. तेव्हा त्या आक्षेपावरून निर्णय घेऊ नका.

इंधन आणि ताकद

समजा पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सपाट रस्त्यावर एका वेगाने चालली आहे आणि त्यासाठी १५ किलोवॅट लागताहेत. अशा गाडीत ताकद दोन जोड्यांतून जाते, गिअरची जोडी आणि फायनल ड्राइव्हची, म्हणजे चाकांकडची शेवटची, जोडी. दातांच्या घर्षणात मिळून एक ते दीड टक्का जातो असं धरू, म्हणजे दीडशे ते सव्वादोनशे वॅट. पॉलिशने त्यातले वीस-तीस टक्के वाचले असं सढळ हाताने मानलं तरी बचत होते ३० ते ६७ वॅटची. एका हॅलोजन हेडलाइटचा बल्ब ५५ वॅटचा असतो.

टक्क्यांत पाहायचं तर ०.२ ते ०.४५. लाखभर किलोमीटर चालवल्यावर दोनशे ते साडेचारशे किलोमीटरचं इंधन वाचेल. टायरमधली हवा काही महिने बघितली नाही तर याहून जास्त जाऊ शकतं. त्यामुळे "ॲव्हरेज वाढेल" म्हणून कुणी पॉलिश विकत असेल तर पुढे ऐकायची गरज नाही.

गिअरबॉक्समधला बाकीचा तोटा दातांच्या घर्षणाचा नसतोच. तो तेल घुसळण्यात, सीलच्या पकडीत आणि बेअरिंगमध्ये जातो, आणि पॉलिशने त्यात काही फरक पडत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये तर एक गिअर, बहुतेकदा चौथा, सरळ जोडणीचा असतो. त्यात ताकद इनपुट शाफ्टमधून थेट आउटपुट शाफ्टमध्ये जाते, दातांवर भार येतच नाही. त्या गिअरमध्ये गाडी चालवताना गिअरबॉक्समधल्या पॉलिशचा उपयोग शून्य.

ज्या रेसमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या गाडीत सेकंदाच्या शंभराव्या भागाचं अंतर असतं, तिथे अर्धा टक्काही कुणी सोडत नाही. त्यांचं गणित वेगळं आहे आणि ते बरोबर आहे. रस्त्यावरच्या गाडीवाल्याने त्यांचं गणित उसनं घेऊ नये. डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) आधी-नंतर मोजून दाखवतो असं कुणी म्हणालं तरी सावध राहा. चाकांवर मोजणाऱ्या डायनोमध्ये टायरचं तापमान आणि गाडी बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण एवढ्यानेच आकडा टक्काभर इकडे-तिकडे होतो. तिथे ०.३ टक्के दिसणार कुठून?

तुमच्या गिअरबॉक्सचं नेमकं काय जातं?

खर्चाचा निर्णय खरा इथे होतो. उघडलेल्या गिअरबॉक्सकडे बघून पुढच्यापैकी काय दिसतं ते तपासा.

दातांच्या चेहऱ्यावर राखाडी, धुरकट पट्टे दिसत असतील आणि बोटाला ते जवळपास गुळगुळीतच लागत असतील, तर तो मायक्रोपिटिंगचा आरंभ. उंचवटे एकमेकांना घासून सूक्ष्म खड्डे पडताहेत. पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्सना या दुखण्याने फार छळलं आणि तिथे सुपरफिनिशिंग रुजण्याचं हे मोठं कारण. गाडीच्या गिअरवर असे पट्टे दिसले तर पॉलिश हे अगदी नेमकं औषध आहे. खोली कमी असेल तर ते पट्टे निघूनही जातात.

दातांवर वरून खाली ओढल्यासारख्या रेघा, कडेला निळसर-तपकिरी रंग, म्हणजे स्कफिंग. तेलाचा थर फाटून धातू क्षणभर चिकटला आणि ओरबाडला गेला. पुढे होऊ नये म्हणून पॉलिश उपयोगी आहे, पण आधी तेल कमी होतं का, चुकीचं होतं का, बॉक्स का तापला, हे शोधा. कारण तसंच राहिलं तर पॉलिश केलेला गिअरही ओरबाडला जाईल, थोडा उशिरा इतकंच.

नखाला अडकतील असे खड्डे पडले असतील तर पॉलिशचा विषय संपला. असे खड्डे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके खोल असतात आणि पॉलिशने निघतात काही मायक्रॉन. गिअर बदला.

दात तुटला असेल, तर तुटण्याची सुरुवात दाताच्या मुळाशी झालेली असते, वाकण्याच्या ताणाने. पॉलिशने मुळाशी असलेल्या यंत्राच्या रेघा कमी होतात, त्यामुळे थोडी मदत होते. पण इंजिनाची ताकद वाढवल्यामुळे तिसऱ्या गिअरचे दात उडत असतील तर चमकदार दातही उडतील. तिथे शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग दाबून घट्ट करणं) लागतं किंवा रुंद दातांचा, चांगल्या पोलादाचा गिअर लागतो.

गिअर टाकताना करकर होत असेल तर बहुधा सिंक्रो रिंग झिजली आहे, सतत गुरगुर येत असेल तर बहुधा बेअरिंग. गिअरबॉक्स उघडण्याची सगळ्यात नेहमीची कारणं हीच दोन, आणि दोन्हींचा दातांच्या गुळगुळीतपणाशी काही संबंध नाही. सिंक्रोच्या बाबतीत तर पॉलिश उलटा परिणाम करू शकतं. सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर घासून गती जुळवते, तिचं सगळं काम घर्षणावर चालतं. अख्खा गिअर टबात टाकून तो शंकूही गुळगुळीत करून आणला तर घर्षणच कमी होईल आणि नव्या रिंगा टाकूनही करकर सुरू राहील. शंकू झाकून पॉलिश करता येतं. सांगितलं तरच झाकतात.

आवाजाचं असंच. गिअरचा किणकिणता, वेगाबरोबर चढत जाणारा सूर बहुतेक वेळा दाताच्या आकारातल्या चुकीमुळे, शाफ्ट तिरके बसल्यामुळे किंवा बेअरिंग ढिलं झाल्यामुळे येतो. पॉलिशने घर्षणाचा थोडा आवाज कमी होतो, हा सूर जात नाही.

क्राऊन-पिनियनची गोष्ट वेगळी

गिअरबॉक्सच्या तिरप्या दातांच्या जोडीत दात एकमेकांवर बहुतांश लोळतात, थोडे सरकतात. मागच्या डिफरन्शियलमधला हायपॉइड क्राऊन-पिनियन तसा नाही. पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यातून न जाता खाली सरकवलेला असतो, त्यामुळे दात लोळतात त्याबरोबरच लांबीच्या दिशेने सतत सरकतात. या सरकण्यामुळेच हायपॉइडला गंधक-फॉस्फरसची पुडी असलेलं जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, याच सरकण्यामुळे तो तापतो, आणि गिअरबॉक्सच्या जोडीत एखादा टक्का जातो तिथे हायपॉइडमध्ये चार-पाच टक्के सहज जातात. पॉलिशने वाचवण्यासारखं जे काही आहे त्यातलं बरंचसं इथे आहे.

आणखी दोन गोष्टी क्राऊन-पिनियनच्या बाजूने आहेत. नव्या क्राऊन-पिनियनला पहिले काहीशे किलोमीटर सांभाळून चालवावं लागतं. थोडं चालवायचं, थंड होऊ द्यायचं, भार टाकायचा नाही. या काळात उंचवटे एकमेकांना घासून बसतात आणि त्यातच तो खूप तापतो. कारखान्यातून येताना त्यावर असलेला करडा-काळा फॉस्फेटचा थर याच दिवसांसाठी असतो. पॉलिश केलेल्या जोडीचे उंचवटे आधीच गेलेले असतात, त्यामुळे हा नाजूक काळ जवळपास उरत नाही. जड ट्रेलर ओढणाऱ्याला किंवा नवी जोडी टाकून थेट शर्यतीला उतरणाऱ्याला हा फायदा मोठा आहे.

दुसरी गोष्ट बॅकलॅशची, म्हणजे जोडीच्या दातांमधल्या मोकळ्या फटीची. प्रत्येक चेहऱ्यावरून पाच मायक्रॉन निघाले तर एका दाताची जाडी दहा मायक्रॉनने कमी होते, आणि दोन्ही गिअर मिळून बॅकलॅश वीस मायक्रॉनने वाढतो. क्राऊन-पिनियन बसवताना बॅकलॅश शिमने (पातळ चकतीने) किंवा नटाने जुळवायचाच असतो, तेव्हा हा फरक तिथेच भरून निघतो. गिअरबॉक्समध्ये दोन शाफ्टमधलं अंतर हाउसिंगने ठरवलेलं असतं, तिथे वाढलेला बॅकलॅश तसाच राहतो. वीस मायक्रॉन चालून जातात, पण आधीच झिजलेल्या बॉक्समध्ये ती आणखी एक भर असते.

क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर लॅप केलेली (घासून जुळवलेली) जोडी असते, दोन्हींवर एकच क्रमांक कोरलेला असतो. पॉलिशलाही जोडीनेच पाठवा, जोडीनेच परत घ्या, आणि बसवताना निळा रंग लावून दातांवरचा ठसा नव्याने तपासा.

त्याच पैशात दुसरं काय करता येईल

पॉलिशचा खर्च एकटा बघून उपयोग नाही. खोलणं, धुणं, पाठवणं, परत बसवणं, नवे सील, नवं तेल हे त्याला चिकटूनच येतं, आणि गिअरबॉक्स उघडलेला नसेल तर हा जोडखर्च मूळ कामाहून मोठा होतो. म्हणून पर्याय शेजारी मांडून बघितलेले बरे.

| पर्याय | कशावर इलाज | कशावर नाही | बॉक्स उघडावा लागतो? |
|---|---|---|---|
| वेळेवर योग्य तेल | स्कफिंग, सर्वसाधारण झीज | आधीच पडलेले खड्डे | नाही |
| नवी बेअरिंग, सील, सिंक्रो | गुरगुर, करकर, ढिले शाफ्ट | दात तुटणं | हो |
| सुपरफिनिश पॉलिश | मायक्रोपिटिंग, स्कफिंग, ताप | सिंक्रो, बेअरिंग, खोल खड्डे | हो |
| शॉट पीनिंग | दाताच्या मुळाशी तडा जाणं | घर्षण, ताप | हो |
| कोटिंग | स्कफिंग, तेल कमी पडल्याचा क्षण | खरखरीत पायावर फार काही नाही | हो |
| तेलाचा कूलर | सततच्या भाराचा ताप | आधीची झीज | सहसा नाही |

तेलाचं महत्त्व लोक फार कमी लेखतात. गाडीच्या पुस्तकात जो दर्जा दिलाय तोच घ्या. पितळी सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल तर "जास्त चांगलं" म्हणून जीएल-५ ओतू नका, त्यातली जास्तीची रसायनं पितळ खाऊ शकतात. जन्मात एकदाही गिअर ऑइल न बदललेल्या गाडीचे गिअर पॉलिश करण्याची चर्चा मला तरी पटत नाही.

शॉट पीनिंगची आणि पॉलिशची मात्र जोडी चांगली जमते. बारीक पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागाखाली कायमचा दाब बसतो आणि तडा उघडायला त्रास होतो. पण त्या माऱ्याने दाताचा चेहरा खरखरीत होतो. नंतर पॉलिश केलं तर खरखर जाते आणि दाबाचा थर, जो एक-दोन दशांश मिलिमीटर खोल असतो, बहुतांश शाबूत राहतो. क्रम उलटा केला तर पॉलिशचे पैसे गेले. इंजिनाची ताकद वाढवलेल्यांनी दोन्हींपैकी एकच करायचं असेल तर पीनिंग करावं.

कोटिंगमध्ये हिऱ्यासारख्या कार्बनचा थर सगळ्यात कडक आणि सगळ्यात महाग. तो चढवण्यापूर्वी खालचा पृष्ठभाग गुळगुळीत हवाच, म्हणजे पॉलिशचा खर्च टळत नाही, वाढतो. आणि चढवताना किती तापमान लागतं ते विचारा. कार्ब्युराइझ केलेल्या गिअरचं टेम्परिंग (कडक केल्यावर पुन्हा बेताने तापवणं) साधारण १५० ते २०० अंशांना झालेलं असतं, त्याच्या वर गेलात तर मूळ कडकपणा उतरतो. उणे पावणेदोनशे-दोनशे अंशांपर्यंत गोठवण्याचा उपचारही विकला जातो. त्यात पोलादातला उरलेला मऊ ऑस्टेनाइट कडक मार्टेन्साइटमध्ये बदलतो हे खरं, पण गिअरच्या थकव्याच्या दृष्टीने थोडा ऑस्टेनाइट असणं नेहमी वाईटच असतं असं नाही. पहिला खर्च त्यावर करू नये.

मग कुणी करावं?

रोजची गाडी, मॅन्युअल, ताकद कारखान्याचीच: करू नका. बॉक्स उघडा असला तरी ते पैसे चांगल्या कंपनीच्या बेअरिंगवर घाला.

ऑटोमॅटिकचा तर विचारही नको. तिथला तोटा पंप, क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असतो. सीव्हीटीच्या (पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकच्या) पुलीला कुणी पॉलिश सुचवलं तर तिथून निघा, ती पुली पट्ट्याला घर्षणानेच धरते.

ट्रॅकवर वरचेवर जाणारी गाडी असेल, तेल सतत तापत असेल, तर आधी कूलर आणि तेल, मग बॉक्स उघडेल तेव्हा ज्या दोन-तीन जोड्या सगळ्यात जास्त वापरात आहेत त्यांचं आणि फायनल ड्राइव्हचं पॉलिश. सगळा संच पाठवायची गरज नाही. रिव्हर्स गिअर चमकवून काय मिळणार?

जड ओढणारी, मागच्या चाकांची गाडी, नवा क्राऊन-पिनियन टाकताय: करा. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीत पॉलिशचे पैसे वसूल होण्याची ही सगळ्यात चांगली शक्यता आहे.

जुनी गाडी, जिचे गिअर आता मिळतच नाहीत, तिचा हिशेब पैशात मांडता येत नाही. दातांवर फक्त राखाडी पट्टे असतील तर पॉलिशने त्याच गिअरला पुढची कितीतरी वर्षं मिळू शकतात, आणि नवा गिअर एकेकटा कापून घेण्यापेक्षा ते खूपच स्वस्त पडतं. आधी चुंबकीय कणांची तपासणी करून तडे नाहीत ना याची खात्री करून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीच्या मालकाने काहीच करायचं नाही. तिच्या रिडक्शन गिअरचा इनपुट मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेतो, इंजिनाचा आवाज झाकायला नसतो, त्यामुळे कारखान्यातच बारीक ग्राइंडिंगने दात आधीपासून पुष्कळ गुळगुळीत केलेले असतात.

पाठवण्याआधी विचारायच्या गोष्टी

दाताच्या चेहऱ्यावर, टोकापासून मुळाकडे जाणाऱ्या दिशेने, आधीचा आणि नंतरचा खरखरीतपणा मोजून देणार का? शाफ्टच्या किंवा गिअरच्या बाजूवर मोजलेला आकडा चालणार नाही. चमक हे मोजमाप नाही.

काय काय झाकणार? सिंक्रोचा शंकू, बेअरिंग दाबून बसणाऱ्या जागा, सुई-बेअरिंगचं भोक, सीलची जागा. दाबून बसवायच्या जागेवरचे पाच मायक्रॉन दातावरच्या पाच मायक्रॉनपेक्षा फार महागात पडतात.

रसायन कोणतं, आणि हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ होऊ नये म्हणून काय केलं जातं? कडक पोलादाला कुठल्याही आम्लात बुडवून ठेवलं की हा धोका असतो. नीट काम करणाऱ्याकडे याचं उत्तर तयार असतं. जो हा प्रश्न पहिल्यांदा ऐकतोय त्याला गिअर देऊ नका. घरी आम्लाच्या बादलीत प्रयोग करण्याबद्दलही हेच.

गिअर परत आले की तेलाच्या बारीक भोकांतून तार फिरवून बघा. टबातल्या गोट्यांचे तुकडे तिथे अडकून बसतात, आणि असा एक तुकडा सुई-बेअरिंगमध्ये शिरला तर पॉलिशचा सगळा हिशेब तिथेच संपतो. मग प्रत्येक जोडीचा बॅकलॅश मोजा, नोंदवून ठेवा. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर तेल काढून चुंबकावरचा गाळ बघा. बारीक करडा लगदा असला तर पुसून नवं तेल भरा. बोटांत टोचणारे कण असले तर पुन्हा उघडावं लागेल.